चार मीटरची गल्ली

फटाक्यांच्या आवाजाची मर्यादा केंद्र सरकारने 1999 साली ठरवली. फटाका जिथे फुटतो तिथून चार मीटरवर मोजलेला आवाज 125 डेसिबलच्या पुढे जाता कामा नये. हा आकडा दर दिवाळीला कुठे ना कुठे छापून येतो, पण त्यातल्या चार मीटरकडे कोणी बघत नाही. मी देवळाली प्रवरात राहतो. इथल्या जुन्या गल्ल्यांत समोरासमोरच्या दोन उंबऱ्यांत चार मीटर अंतर निघालं, तर ती रुंद गल्ली म्हणायची. म्हणजे शेजाऱ्याने स्वतःच्या दारात, स्वतःच्या पैशाने आणलेला, सरकारी प्रमाणात चोख बसणारा सुतळी बॉम्ब लावला, तरी समोरच्याची खिडकी मोजणीच्या रेषेच्या आतच राहते. त्याच नियमात असंही लिहिलंय की, चाचणी घेताना पंधरा मीटरपर्यंत आवाज परतवणारी कुठलीही भिंत किंवा आडोसा असू नये. गल्लीत तर दोन्ही बाजूंना भिंतीच असतात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. चौसष्ट मीटरवर तोच बार शंभरच्या आसपास येतो. त्यामुळे 'नियमात बसणारे फटाके आहेत' हे उत्तर गल्लीत देता येत नाही. ते प्रमाण मोकळ्या मैदानासाठी आहे, आणि आपण ते दारात वापरतो.

माझं म्हणणं फटाक्यांवर बंदी घाला असं नाही. भुईनळा, फुलबाजा, भुईचक्र यांबद्दल आवाजाची तक्रार करणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. तक्रार आहे ती शेजाऱ्याला गृहीत धरण्याची. आवाज कुंपण मानत नाही, धूरही मानत नाही. माझ्या अंगणात मी काय करावं हा माझा प्रश्न, हे तत्त्व तुळशीपुरतं ठीक आहे. बाराच्या ठोक्याला लावलेली हजाराची माळ मात्र आठ-दहा घरांत एकाच वेळी फुटते, आणि त्यातल्या एका घरात दोन महिन्यांचं बाळ असतं, एका घरात नुकती अँजिओप्लास्टी झालेले आजोबा. त्यांना कोणी विचारलेलं नसतं. विचारणं राहू द्या, आधी सांगितलेलंही नसतं. आधी कळलं तर माणूस बाळाला आतल्या खोलीत नेतो, खिडक्या लावतो, कुत्रं घरात घेतो. एका वाक्याने हे होतं, आणि तेवढं एक वाक्य खर्च न करणं याला मी बेपर्वाई म्हणतो.

आमच्या भागात शेजारी फक्त माणसंच नसतात. प्रवरेच्या कालव्यावरचा हा पट्टा ऊस आणि दुधाचा. घराला लागून गोठा आणि गोठ्यात संकरित गाई, हे चित्र गावात आणि वस्तीवर सारखंच दिसतं. गाय दचकली की तिच्या शरीरात ॲड्रेनलिन वाढतं आणि पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं. शेतकरी त्याला गाईने दूध चोरलं म्हणतात. आता वेळ बघा. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाआधी पहाटे जो पहिला बार उडवायची चढाओढ असते, नेमकी तीच धारेची वेळ. संध्याकाळची धार आणि लक्ष्मीपूजनाची माळ यांचंही तसंच. त्यातच दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम सुरू होतो, ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. पाचट, बांबू, चटया आणि प्लास्टिकचा कागद एवढ्यावर उभं असलेलं ते घर आहे. बाटलीत ठेवून सोडलेला बाण कुठे जाऊन पडेल हे सोडणाऱ्याला माहीत नसतं, आणि तो कडब्याच्या गंजीवर पडला तर भरपाई कोणी मागायची, कोणाकडे, हेही ठरत नाही.

परंपरेचा मुद्दा हमखास येतो, आणि तो मला उडवून लावायचा नाही, कारण परंपरा खरंच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे एकेकाळचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीच्या इतिहासावर सविस्तर लिहिलंय. संत एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'त लग्नातल्या दारूकामाचं वर्णन येतं, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. म्हणजे पैठणच्या परिसराला ही हौस सोळाव्या शतकात परिचयाची होती. पेशव्यांच्या बखरीतली एक हकिकतही ते देतात. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीतल्या दारूच्या लंकेचं वर्णन करून सांगितलं आणि मग तसाच देखावा पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी मांडला गेला. परंपरेचा दाखला द्यायचा तर पुरा द्यावा. तो सोहळा गल्लीत नव्हता, उघड्या जागी होता. ठरवून होता, सगळ्यांना दिसावा म्हणून होता. त्याला प्रेक्षक आपण होऊन जात. आज दारात फुटणाऱ्या बॉम्बला प्रेक्षक नसतात, नुसते ऐकणारे असतात, आणि त्यांना ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं.

आणखी एक परंपरा आहे, ती मला जास्त मोलाची वाटते. गल्लीत कोणाकडे सुतक असलं की शेजारी दिवाळीतही हात आखडता घेतात. लांबची माळ लावत नाहीत, मुलांना मोठ्या आवाजाचे फटाके मारुतीच्या पाराकडे नेऊन वाजवायला सांगतात. त्यासाठी ना कोर्टाचा आदेश लागतो, ना पोलिसांची गाडी. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते पाहून आपला आनंद थोडा आवरता घ्यावा, ही रीत आपल्याकडे जिवंत आहे. ती मृत्यूपुरतीच का ठेवायची, आजारपणाला आणि बाळंतपणाला का लावायची नाही, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

'वर्षातून एकदाच तर असतं' हे वाक्य दिवाळीपुरतं मी मान्य करतो. पण ते आता खरं राहिलेलं नाही. वाढदिवसाला बारा वाजता भर रस्त्यात केक कापून माळ लावतात. लग्नात नवरदेव घोड्यावर चढला की लावतात. सोसायटीपासून नगरपरिषदेपर्यंत कुठलाही निकाल लागला की गुलालाबरोबर लावतात, भारताने सामना जिंकला की लावतातच. यातला मध्यरात्रीचा प्रकार तर वादाचा विषयच नाही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाच्या फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2005 सालीच मनाई केली. 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालाने दिवाळीला रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठेवली आणि लडी, म्हणजे माळा, बंद केल्या. त्याच निकालाने नाताळ आणि नववर्षाला रात्री 11.55 ते 12.30 एवढीच, म्हणजे पस्तीस मिनिटांची सवलत दिली. आमच्याच सणावर डोळा का, असं विचारणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. 'मग डीजेचं काय?' हा मुद्दा बरोबर आहे, तो त्रास फटाक्यांहून मोठा आहे आणि आवाजाचे 2000 सालचे नियम त्यालाही लागू आहेत. पण एका त्रासाने दुसरा माफ होत नाही.

कायदा असून तक्रार का होत नाही, हे शहरातल्या वाचकाला कळणं अवघड आहे. इथे शेजारी म्हणजे बऱ्याचदा भावकी. बांध एक, पाण्याची पाळी एक, दूध डेअरीही एकच. दहा मिनिटांच्या आवाजासाठी 112 ला फोन लावला तर पुढची दहा वर्षं बोलणं बंद होतं, त्यामुळे 'कशाला वाईटपणा घ्यायचा' म्हणून सगळे गप्प बसतात. फटाके वाजवणारा या गप्प बसण्याला संमती समजतो. ती संमती नसते. म्हणून पहिलं पाऊल वाजवणाऱ्याने उचलायला हवं. ज्याला त्रास होतो त्याच्यावर तोंड उघडायची जबाबदारी टाकणं अन्यायाचं आहे. स्टॉलवाल्यांच्या पोटाचं काय, असंही विचारतात. जागा आणि वेळ ठरवली म्हणून फटाके विकले जायचे थांबत नाहीत.

2018 च्या त्या निकालातच गावोगाव फटाक्यांसाठी सामाईक जागा ठरवून द्याव्यात, असं सुचवलंय. आमच्याकडे मोकळ्या मैदानांची कमी नाही. गावाबाहेर, गोठे, गंजी आणि कोप्यांपासून दूर अशी एखादी जागा नगरपरिषदेने नेमून द्यावी, पाण्याचा टँकर उभा ठेवावा आणि वसुबारसेच्या आधी आठवडाभर घंटागाडीच्या भोंग्यावरून जागा नि वेळ पुकारावी. पहाटेच्या बाराची हौस ज्यांना आहे त्यांच्यासाठीही वाट आहे: तामिळनाडूने न्यायालयाकडून परवानगी घेऊन आपले दोन तास सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे वाटून घेतले होते. आपल्यालाही तसं मागता येईल. आणि तोवर, ज्यांना दारातच वाजवायचे आहेत त्यांनी निदान दुपारी समोरच्या घरी फराळाचं ताट देताना तेवढं सांगून यावं: 'काकू, साडेआठला मुलं फटाके लावणारेत, चालेल ना?' काकू नको म्हणाल्या तर मैदानावर जावं.