ताणावरचा पौष

पौषाला भाकड महिना म्हणून आपण मोकळे होतो. लग्नाचे मुहूर्त नाहीत, संक्रांत सोडली तर मोठा सण नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात मात्र मला सगळ्यांत आवडतो तो हाच महिना, आणि त्याचं मोठं कारण संत्र्याच्या बागा.

या दिवसांत मोवाडच्या किंवा जलालखेड्याच्या वाटेनं सकाळी पायी निघावं. दहिवरानं चपला ओल्या होतात. एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना तेव्हा दोन ऋतू दिसतात. एकीकडे मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेली, फळं पानांआड रंगावर येत असतात. दुसरीकडे आंबिया बहराची, म्हणजे गेल्या हिवाळ्याच्या शेवटी फुललेली, फळं तोडून झालेली, पाणी बंद, पानं मलूल. नवख्यानं विचारलंच, "बाग वाळली का भाऊ?" तर उत्तर येतं, "वाळली नाही जी, ताणावर हाय."

हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने झाड असं तहानलेलं ठेवतात. नवी पालवी थांबते, अन्न फांद्यांत साठतं. संक्रांतीच्या आगेमागे पाणी सोडलं की त्यातूनच फुलोरा फुटतो. फेब्रुवारीत शिवार घमघमतं, त्याचं कौतुक सगळेच करतात. मला त्याआधीचं हे मिटलेलं झाड बघत उभं राहावंसं वाटतं. पान बोटांत धरलं तर चामड्यासारखं लागतं, पण देठ सोडत नाही.

रंगाचं श्रेयही थंडीचंच. रात्री गारठल्या की सालीतला हिरवा रंग विरतो आणि नारिंगी उजळतो. उबदार मुलखात संत्रं आतून पिकलं तरी साल हिरवी राहू शकते. 2014 साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या रात्रींची आठवण कुणी काढली असेल का?

घरी अंगणात ऊन सरकेल तशी बायांची चटई सरकते. मधे तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग. शेंग अंगठ्यानं दाबून उकलायची, हिरवे सोले टोपलीत. नखं काळपट होतात, बोलणं थांबत नाही: कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुणाच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. दुपारी त्याच सोल्यांची वांगी आणि ज्वारीची भाकर. सोललेले सोले आता बाजारात विकत मिळतात, पण माझ्या मते अर्धी चव त्या चटईवरच असते.

माघ लागला की लग्नं निघतात, बागेत पाणी फिरतं, आणि याच बायांना टेकायलाही सवड उरत नाही. नरखेडला यायचं तर फुलोऱ्याची वाट पाहू नका. पौषातच या, आणि शेंगा सोलायला बसा.