छप्पन साल कोणते?

या घटकात आपण कालपट आणि इतिहासाची साधने यांचा अभ्यास करणार आहात. त्यांच्या व्याख्या पुढे येतीलच. त्याआधी माझी एक जुनी चूक आपल्यापुढे मांडतो. कारण हा विषय मला उमगला तो व्याख्येतून नव्हे, त्या चुकीतून.

मी पदवीच्या वर्गात होतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. आपल्या भागाचा कालपट करून आणा, असे आम्हांला सांगण्यात आले. मी पुस्तकांतून सनावळी उतरवली : 1854, नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा, 1861, मध्यप्रांताची स्थापना, 1951, मालगुजारीचा शेवट, 1956, भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात, 1960, महाराष्ट्र. आजीला तो कागद वाचून दाखवला, तेव्हा मालगुजारी सोडून यातले काहीच तिच्या ओळखीचे निघाले नाही. ती म्हणाली, "अन् छप्पनचा दुकाळ कुठं हाय? आमची सासू सांगे. मोहफुलं खाऊन दिवस काढले त्या लोकाईनं." मी उत्साहाने 1956 च्या पुढे 'भीषण दुष्काळ' असे लिहून टाकले.

सरांनी तो कागद पाहून एकच प्रश्न विचारला, "त्या वर्षी तुझ्या आजीच्या सासूचे वय काय होते?" मी घरी येऊन आजीला विचारले. "सासू? ते तर देश सोतंत्र व्हायच्या आधीच गेली," ती म्हणाली. मेलेल्या बाईला मी दुष्काळात मोहफुले वेचायला लावली होती.

आजीचे छप्पन हे विक्रम संवताचे होते. आमच्या भागाला हिंदी मुलूख लागून आहे. व्यापाऱ्यांच्या वह्यांतून आणि लोकांच्या बोलण्यातून संवत येथे सहज वावरत असे. संवतातून 56 किंवा 57 वजा केले, की इसवी सन मिळतो. संवत 1956 म्हणजे 1899-1900. 1896-97 च्या दुष्काळातून सावरण्यापूर्वीच मध्यप्रांतावर कोसळलेला हा दुसरा घाला. आजीची आठवण अचूक होती. चुकले होते ते माझे वाचन. साधन खोटे ठरवण्याआधी ते कोणत्या कालगणनेत बोलते आहे हे विचारावे, ही सवय मला तेव्हापासून लागली.

लेखी कागद म्हणजे पक्का पुरावा, असेही समजू नका. आपल्यापैकी कितीजणांच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जुलै किंवा 1 जून आहे, ते एकदा वर्गात हात वर करून पाहा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या बेताने वय जुळवले, एवढेच त्या तारखेतून कळते.

माझी ती चूक वहीतली होती. तिने कोणाचे काही बिघडले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासकेंद्रावरील एका विद्यार्थिनीचे मात्र बरेच काही पणाला लागलेले होते. तिचे गाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील, जंगलाला लागून. घरची दीड एकर धानाची बांदी वनजमिनीत मोडत होती. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी नसलेल्या कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वनातील वास्तव्य दाखवावे लागते. हिशेब करा : 1930 पर्यंत मागे जायचे होते. संपर्कसत्रात मी कालपट शिकवीत असताना ती म्हणाली, "सर, मला हा खरोखरच करायचा आहे."

पुढच्या सत्रात तिने एक फाटकी चराईची पावती आणली. वरची कड गेलेली, तारीख गेलेली, खाली आजोबांचे नाव. गावात तिला सांगण्यात आले होते, की हा कागद दुसऱ्या राज्याचा, याचा उपयोग नाही. कारण त्यावर छापले होते 'मध्यप्रदेश', आणि त्याखाली 'जिला भंडारा'. मला माझ्या जुन्या वहीतील रुक्ष सनावळी आठवली. मध्यप्रांत व वऱ्हाडाचे नाव मध्यप्रदेश झाले ते 26 जानेवारी 1950 रोजी. भंडारा जिल्हा त्यातून बाहेर पडला 1 नोव्हेंबर 1956 रोजी. म्हणजे तारीख नसलेला तो कागद पावणेसात वर्षांच्या आत पकडता येत होता. आजीला ज्या सनांचे काही वाटले नव्हते, ते येथे उपयोगी पडले.

पण 1930 अजून वीस वर्षे दूर होते. नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, वंशावळ, जुन्या विहिरी, बांध, दफनभूमी हेही पुरावे म्हणून मान्य आहेत, आणि एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. गावातील एका वृद्धाने सांगितले, की लहानपणी त्याने तिच्या आजोबांना मालगुजाराकडे बेगारीला जाताना पाहिले होते. त्याला सन सांगता येत नव्हता. पण मालगुजार होता, म्हणजे 1951 च्या आधी, इतके निश्चित. वृद्धांना "कोणत्या साली?" असे विचारू नये. "मालगुजारी जायच्या आधी की नंतर?" असे विचारावे.

शेवटी तिने तहसील कार्यालयात अर्ज करून कोतवाल बुकाची नक्कल मागवली. गावोगावचे कोतवाल जन्म-मृत्यूची खबर देत आणि त्याची नोंद होई, ते हे पुस्तक. वडिलांच्या जन्माची नोंद 1938 ची निघाली. ती पुरेशी नव्हती. मागची पाने पाहताना 1928 मध्ये तिच्या आजोबांचे नाव पुन्हा आढळले : बापाचे नाव, गावाचे नाव, आणि पुढे 'मुलगी'. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. चार महिन्यांनी त्याच बापाच्या नावे मृत्यूची नोंद, कारण 'ताप'.

घरात या मुलीचे नाव कोणी कधी काढले नव्हते. वडील नक्कल हातात धरून बराच वेळ बसले, असे ती म्हणाली. आपल्याला थोरली बहीण होती हे त्यांना वयाच्या ऐंशीव्या वर्षी कळत होते.

दावा आज उपविभागीय समितीपुढे आहे. त्याला जोडलेल्या कालपटाची प्रत तिने मला दिली. सर्वांत वरची ओळ अशी : 1928, मुलीचा जन्म, मौजे आमचेच. 'मौजे आमचेच' खोडून तेथे गावाचे नाव लिहा, एवढी एकच दुरुस्ती मी तिला सुचवली.