पूर्णविरामाची जागा

इंग्रजी व्याकरणात ‘रन-ऑन’ नावाचा एक दोष सांगितलेला आहे. दोन स्वयंपूर्ण वाक्ये कशानेही न जोडता, किंवा मध्ये केवळ स्वल्पविराम ठेवून, एकापुढे एक लिहिली की तो घडतो. वाक्य फार लांबले म्हणजे हा दोष होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. शंभर शब्दांचे वाक्य निर्दोष असू शकते आणि ‘इट रेन्ड, वी स्टेड’ ही चार शब्दांची रचना शालेय व्याकरणाच्या दृष्टीने सदोष ठरते.

आम्ही मराठीचे अध्यापक. तरीही सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी विद्यार्थी इंग्रजी अर्ज घेऊन आमच्याकडेही येतात, आणि हा दोष अर्जाअर्जांत भेटतो. ‘मुलांचे इंग्रजी कच्चे’ असे म्हणून तो निकालात काढता येईल. पण त्याचे मूळ मराठीच्या घडणीत आहे, असे आम्हांला वाटते.

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. ‘आला’, ‘गेली’, ‘आहे’ हे कानी पडले की वाक्य संपल्याचे आपोआप कळते. मोडीत शिरोरेषा आधी ओढून घेत आणि तिच्याखाली लेखणी शक्य तितकी कमी उचलत मजकूर लिहीत. शब्दांत अंतर नसे, विरामचिन्हे नसत. तरी दफ्तरे शतकानुशतके चालली. मराठीत पाश्चात्त्य विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तीला हातभार लावणारे ते हेच.

इंग्रजीत क्रियापद कर्त्यामागोमाग मध्येच येऊन जाते. वाक्य कोठे संपले हे त्यावरून कळत नाही. ते काम टिंबाला करावे लागते. शिवाय ‘उठून, भाकरी बांधून, बस धरून आलो’ अशी धातुसाधितांची साखळी आपल्याकडे एकच वाक्य असते. विद्यार्थी ती इंग्रजीत उतरवताना प्रत्येक ठिकाणी पूर्ण क्रियापद योजतो आणि मराठीतला स्वल्पविराम मात्र तसाच ठेवतो.

दोष ओळखणे सोपे आहे. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम ठेवून पाहावा. दोन्ही बाजूंना कर्ता-क्रियापदासह पुरा अर्थ उरला आणि मध्ये उभयान्वयी अव्यय नसले, तर ते रन-ऑन. दुरुस्तीच्या वाटा चार: पूर्णविराम द्यावा, अर्धविराम द्यावा, ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ घालून संयुक्त वाक्य करावे, किंवा ‘बिकॉज’, ‘व्हेन’ यांसारख्या शब्दाने एक वाक्य दुसऱ्याच्या आश्रयाला आणून मिश्र वाक्य करावे.

खरी अडचण यापुढे आहे. ऊसतोडीच्या हंगामात एका विद्यार्थिनीने गैरहजेरीचा अर्ज दाखवला. त्याचा आशय असा: वडील ऊसतोडीला गेले, आई आजारी आहे, मी महाविद्यालयात येऊ शकले नाही. मराठीत हे खपून जाते, इंग्रजीत नाही. ‘बिकॉज’ कोठे घालावे? आईच्या आजारापाशी घातले तर एक कारण होते, वडिलांच्या जाण्यापाशी घातले तर दुसरे. आम्ही तिलाच विचारले. ती म्हणाली, “तसं नाही सर. धाकटा भाऊ घरी असतो, त्याच्यापाशी कोण थांबणार?” जे मूळ कारण, ते अर्जात नव्हतेच. दोन स्वल्पविरामांनी ते झाकून ठेवले होते.

मग तिने तीन निराळी वाक्ये लिहिली आणि भावाचे एक चौथे. इंग्रजी साधेच होते, पण वाचणाऱ्याला तिचे घर दिसेल असे होते.

म्हणून अशा जागी आम्ही लाल टिंब देत नाही. स्वल्पविरामाभोवती वर्तुळ काढतो आणि विचारतो, ‘या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय?’ यात वेळ जातो, आणि पन्नास अर्जांच्या गठ्ठ्यापुढे तो परवडत नाही, हेही खरे. पण दोन गोष्टींमधले नाते ठरवण्याचा अधिकार ज्याच्यावर त्या गुदरल्या त्याचा आहे, तपासनिसाचा नव्हे.