घराला गिऱ्हाईक येतं तेव्हा

खेड्यातलं जुनं घर विकायला काढलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. गिऱ्हाईक येतं, तुळया मोजतं, दगड मोजतं आणि लाकडाच्या भावानं घर मागतं. राहण्यासाठी कुणी विचारत नाही. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसचं आमचं वडिलार्जित माळवदही असंच कुलूप लावून उभं होतं. आम्ही आखाड्यावर राहायला गेलो, थोरले दादा नोकरीच्या गावी, आक्का नांदेडकडे सासरी. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची, एवढाच घराशी संबंध उरला होता.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि वारं फिरलं. पुण्या-मुंबईला पोटासाठी गेलेली माणसं बायकापोरांसह गावी परतली. भावाभावांच्या एकेका खोलीत दोन-दोन चुली पेटल्या. गावठाण होतं तेवढंच, आणि विकाऊ घरं बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या घराला एका महिन्यात चार गिऱ्हाइकं आली.

त्यातच सरकारनं १ सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्कात ३ टक्के सूट दिली. पुढं मार्च २०२१ पर्यंत ती २ टक्के होती. सूट खरेदीदाराला, पण घाई दोन्हीकडे. दादांचा रोज फोन, "उरकून टाक."

एक व्यापारी सगळ्यांपेक्षा जास्त द्यायला तयार होता. त्याच्या अटी दोन. निम्मी रक्कम रोख, कागदावर नाही. आणि आक्काकडून आधी हक्कसोडपत्र घ्यायचं. "लेकीचं लग्न झालं, तिचा काय संबंध?" असं त्याचं म्हणणं.

संबंध कसा नाही? ११ ऑगस्ट २०२० रोजीच सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता. वडिलार्जित मिळकतीत लेकीचा हक्क जन्मानंच लेकाइतका. वडील २००५ चा कायदा होण्याआधी वारले असले तरीही. वाटणी आधीच रीतसर झाली असेल, तर गोष्ट वेगळी. आमची झालेली नव्हती.

घरातल्या बाईमाणसांनी पहिल्यांदा विषय काढला. सौभाग्यवती म्हणाली, "आक्कांना विचारा तरी." जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता, २ सप्टेंबरला ती अट उठली, तेव्हा आक्का आली. ओसरीवर बसली आणि स्पष्ट बोलली, "दाजींचं दुकान चार महिने बंद होतं. मला माझा वाटा पाहिजे." भावकीत कुजबुज झाली की बहीण हिशेब मागते. मला तर ती खरं बोलली याचंच बरं वाटलं. साडीचोळीवर बोळवण करून पुढं आयुष्यभर माहेर तोडण्यापेक्षा हे बरं.

दादांनाही ते पटलं. पुण्याहून परतलेल्या एका कुटुंबाला घर दिलं. भाव व्यापाऱ्यापेक्षा कमी, पण सगळा पैसा बँकेतून. नोव्हेंबरात तालुक्याला खरेदीखत झालं. तोंडाला मास्क, हाताला सॅनिटायझर, आणि तिघा भावंडांचे अंगठे. पैशाचे तीन सारखे वाटे केले.

तुमचंही घर विकायचं असेल, तर भाव ठरवण्याआधी कागद बघा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देतात. तुमच्या गावची झाली असेल, तर तिच्यावर नावं बरोबर आहेत का, वाचून घ्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. आयकर कायद्यानं तेवढाच दंड बसतो. आणि शंभर रुपयांवरचं घर नोंदणीशिवाय विकलं जात नाही, स्टँपपेपरवर कितीही सह्या केल्या तरी.

हे सगळं वकील सांगेलच. बहिणीला मात्र तुम्हीच विचारायचं आहे, आणि तेही गिऱ्हाईक दारात येण्याआधी.