नीरेच्या काठाने वर

आमच्याकडे पावसाळ्यात माणसं आपल्या आभाळापेक्षा पश्चिमेकडच्या बातमीकडे जास्त बघतात. बारामतीत थेंब नसला तरी एक वेळ चालतं. भोर-वेल्ह्याकडे झड लागली का, भाटघर धरण किती भरलं, हे पारावर आधी विचारलं जातं. माझे आजोबा तर रेडिओला कान लावून बसायचे. भाटघर सांडव्याला आलं एवढं ऐकलं की त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोडायच्या. ते धरण त्यांनी कधी पाहिलं नाही. ज्या पाण्यावर उभा जन्म रात्री-अपरात्री उसाला दारं धरली, ते कुठल्या डोंगरातून येतं हे त्यांना ऐकूनच ठाऊक होतं.

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात मोटारसायकलवरून डोंगरात जायचं ठरलं, तेव्हा मित्राला म्हटलं, आपण नीरेच्या काठाने वर जाऊ. आणि निघायचं घरून नाही, नीरा नरसिंहपूरहून. इंदापूर तालुक्याचं हे शेवटचं टोक. भीमाशंकरहून निघालेली भीमा आणि भोरच्या डोंगरातून आलेली नीरा इथे एकमेकींना भेटतात. लक्ष्मी-नरसिंहाचं दर्शन घ्यायचं, घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याला हात लावायचा आणि गाडीचं तोंड पश्चिमेला करायचं.

पुढचा रस्ता नकाशावर बोटाने इतक्यांदा चालून झालाय की गावं पाठ झाली आहेत. सराटीला आषाढात तुकोबांच्या पादुकांना नीरास्नान घालतात आणि पालखी अकलूजकडे जाते. मग वालचंदनगर, भवानीनगर. सोनगावला आमची कऱ्हा नीरेत शिरते, तीच कऱ्हा जिच्या काठी बारामतीत मोरोपंतांनी आर्या रचल्या. तिथून वर नीरा गाव, जिथे ज्ञानोबांच्या पादुका न्हातात. म्हणजे दोन्ही पालख्यांची नदी एकच. या दोन स्नानांच्या मधला सगळा काठ आमच्या चाकांखालून जाणार, या विचारानेच मला आत्तापासून भरून येतं.

मे महिन्यात गाडीवर जायला वेड लागलंय का, असं घरी विचारून झालं. पावसाळ्यातला घाट सुंदरच, पण तेव्हा दिसतं ते धुकं. डोंगर दिसत नाही. शिवाय वरंध घाटात दरडी कोसळतात, पावसात तो रस्ता कितीदा तरी बंद असतो. आणि खरं कारण वेगळंच आहे. धरणं उतरतात ती उन्हाळ्यातच. उजनी धरणाचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ आधी शिखर दाखवतं, आणि वर्ष कोरडं असेल तर अख्खं बाहेर येतं. तिकडे भाटघरच्या पोटात कांबरेश्वराचं देऊळ आहे, तेही मे महिन्याच्या आसपास पाण्याबाहेर येतं. एक आमच्या तालुक्यांच्या या टोकाला, दुसरं नदीच्या त्या टोकाला. दोन्ही ठिकाणी गावं उठली, माणसं वर सरकली, देव खाली राहिला. ही दोन देवळं एकाच फेरीत बघायची, हे मी मनाशी पक्कं केलंय.

तयारी फार नाही. कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर नाहीत, हा मोठा दिलासा. पहाटे चारला निघायचं, ऊन चढायच्या आत शिरवळ ओलांडायचं. गॅरेजवाल्या मिस्त्रीने चेन ताणून दिली, मागचे ब्रेक-शू बदलले, क्लचची जादा वायर सीटखाली बांधून दिली. मग चाक हाताने गरकन फिरवून ते थांबेपर्यंत कान देऊन ऐकत राहिला. म्हणाला, "घाट ज्या गिअरात चढाल, त्याच गिअरात उतरा. ब्रेक दाबून धरलात तर तापतो, आणि ऐन वळणावर लागत नाही." आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी द्यायचं कबूल केलंय, खिशात एकेक कांदा ठेवायचा या अटीवर.

वीर धरणापाशी मात्र मला निवांत थांबायचं आहे. नीरेचा डावा कालवा तिथूनच निघतो. १८७६-७८च्या दुष्काळानंतर हे कालव्याचं काम उभं राहिलं. आजचं भाटघर धरण १९२८चं, साडेतेवीस टीएमसीचं. नीरा देवघर, वीर आणि गुंजवणी ही नीरेच्या खोऱ्यातली बाकीची तीन धरणं. या चौघांच्या जिवावर वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात ऊस उभा आहे, निमगाव केतकीचे पानमळे हिरवे आहेत. आमची घरं, शिक्षणं, ही मोटारसायकलसुद्धा त्याच पाण्यातून आली.

आणि जिथून ते येतं त्या भोरच्या डोंगरातल्या वाड्या मे महिन्यात टँकरची वाट बघतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. पावसाळ्यात धो धो कोसळतं ते कातळावरून वाहून जातं, धरणात साठतं, आणि धरण खाली, वाडी वर. आमच्या चारीला उन्हाळी आवर्तन खळाळत असतं त्याच दिवसांत तिथल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढत असतात. हे वाचलेलं आहे. वाचून भागत नाही. त्या वाटेवर गाडी बाजूला लावून, कुणी बोललं तर चार शब्द बोलून, ज्यांच्या डोंगराचं पाणी आपण पितो त्यांना एकदा समोरासमोर बघायला हवं, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

भोरहून हिर्डोशीच्या अंगाने शिरगाव. नीरेचा उगम त्याच परिसरात. पुढे वरंध घाटात वाघजाईपाशी गरम भजी खायची, खाली कोकण बघायचं, घाट उतरून शिवथरघळीला जायचं. परतीच्या रस्त्यावरून आमचं जमलेलं नाही. मित्राला पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, मग वाई-फलटण करून घरी यायचंय. मी आल्या वाटेने परत फिरायचं म्हणतो, पाण्याबरोबर खाली यायला. बहुधा त्याचंच चालेल.

तारीख अजून ठरलेली नाही. ती पाटकऱ्याच्या हातात आहे. उन्हाळी आवर्तन आमच्या फाट्याला पोचलं, वडिलांचं भरणं आटोपलं, की दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं.