निम्मं-निम्मं नको

चि. मृणाल,


टॅबची खोकी शाळेत येताच तुमच्या मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, की यापुढं निम्मे स्वाध्याय वहीत आणि निम्मे स्क्रीनवर. शाळेत टॅब, घरी पालकांचा फोन. सहावी-सातवीला हे कसं बसवायचं, असं तू विचारतेस. सरांचा हेतू चांगला आहे, पण निम्मं-निम्मं ही भावकीतली वाटणी झाली. स्वाध्याय देताना मी एवढंच बघते, की यातून मला मुलाचं काय दिसायला हवंय. खाडाखोड दिसायला हवी असेल, तर कागद.

अपूर्णांकांची बेरीज घे. गूगल फॉर्मवर दिलीस तर किती जणांनी ‘क’ पर्याय निवडला, एवढंच कळेल. वहीत मात्र एकानं २/३ + १/४ = ३/७ लिहिलेलं असतं; अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळा झालेला. शेजारचीनं छेद १२ बरोबर काढलाय, पण अंश तेच ठेवलेत, म्हणून तिचं आलं ३/१२. दोघंही चुकले, पण दोघांजवळ बसून बोलायचं ते वेगळं. फॉर्ममध्ये दोघांच्या नावापुढं सारखाच भोपळा.

मराठीत तर आणखी पंचाईत. ‘आशी’ एवढं टाइप केलं की फोन ‘आशीर्वाद’ पुढं करतो. वेलांटी कोणती आणि रफार कुठं, हे मुलानं ठरवायचं, तर ते फोनच ठरवून टाकतो. आता नुसतं बोललं तरी उमटतं. निबंध सुरेख येतो आणि सहामाहीच्या पेपरात त्याच मुलाचा ‘आर्शिवाद’ होतो. दहावीचा मराठीचा पेपर अजून तीन तास पेनानंच लिहायचाय, बाई.

पण टॅब कपाटात कुलपात ठेव, असंही मी म्हणणार नाही. प्रकट वाचन त्यावरच घे. पस्तीस मिनिटांच्या तासात चाळीस मुलांचं वाचन ऐकून होतच नाही. मग तीच तीन-चार धीट मुलं उभी राहतात. मिनिटभराचं रेकॉर्डिंग मागव. वर्गात ओठ न उघडणारी एखादी मुलगी घरी खणखणीत वाचते, मागं म्हैस रेकत असली तरी. भूमितीत आधी कोनमापक हातात दे. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज कुणाची १७८ येईल, कुणाची १८२. भांडू दे त्यांना. मग जिओजिब्रावर शिरोबिंदू बोटानं ओढायला सांग. त्रिकोण कसाही वेडावाकडा झाला तरी १८०. हा क्रम उलटा केलास, तर मुलं नुसती बघत बसतील.

सगळ्यात वाईट म्हणजे वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकायला लावणं. कागदाचे कष्ट आहेतच, वर तिरप्या, अंधाऱ्या फोटोंत तुझे डोळे फुटणार, आणि लाल पेनाचा शेरा वहीत उतरतच नाही.

सर संशोधनाचं विचारतील. २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर वाचलेल्यांना जास्त समजतो असं निघालं. घाईत वाचताना हा फरक आणखी वाढला, गोष्टी वाचताना मात्र दिसला नाही. म्हणजे विज्ञानाचा धडा छापील पुस्तकातून, अवांतर गोष्ट टॅबवर चालेल. हातानं टिपणं काढली की जास्त कळतं, हा २०१४ चा प्रयोग लोक फार ऐकवतात. पुढं तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा निकाल तितका ठाम आला नाही. त्यावर भिस्त ठेवू नकोस.

आणि कागद आला म्हणजे सगळं साधलं, असंही नाही. २०२३ पासून बालभारतीच्या पुस्तकांत लिहायला कोरी पानं घातली होती, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. मुलं वह्या आणतच राहिली. २०२५ मध्ये ती पानं बंद झाली.

घरच्या फोनचं नीट बघ. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण घरात असणं वेगळं, हातात येणं वेगळं. तो बापाच्या खिशात शेतावर किंवा कंपनीत जातो, रात्री आल्यावर आधी थोरल्या भावाकडे. बहिणीची पाळी येते तोवर चार्जिंग संपलेलं. म्हणून फोनवरचं काम ‘उद्या सकाळपर्यंत’ असं कधी देऊ नकोस. शुक्रवारी दे, मंगळवारी घे. ज्यांना जमलं नाही त्यांना मधल्या सुट्टीत शाळेचा टॅब दे, आणि तेही चारचौघांत नाव न पुकारता.

आणखी एक. २०२० च्या दप्तर धोरणात सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास गृहपाठ आहे. तो तास वही आणि फोन मिळून, हे सरांना पहिल्याच बैठकीत सांग. नाहीतर इंग्रजीच्या बाई वहीत देतील, विज्ञानाचे सर फॉर्म पाठवतील आणि तुझं रेकॉर्डिंग वरून. फळ्याच्या कोपऱ्यात सगळ्यांनी आपापलं काम आणि त्याला लागणारी मिनिटं लिहायची, असं ठरवा.

तुझी,
मावशी