सजलं खरं, पण कुणासाठी?

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची परीक्षाच! कोणती राहणार आणि कोणती भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाणार, याचा निकाल त्या आठ दिवसांत लागतो. २०२५च्या दिवाळीत रायपूरच्या तात्यापारा भागातल्या एका मराठी घरात ही पाळी आली ती एका लॅपटॉपवर. वय वर्षं बारा. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर चहा उकळून, गाळून, पिऊनही व्हायचा.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी कुटुंबं येऊन स्थिरावली. या घराचीही इथली चौथी पिढी. कोण कधी आलं, कुणी कुठे नोकरी धरली, कुणाची सोयरीक कुठे जुळली, ही सगळी हकिगत आजोबांनी निवृत्तीनंतर त्या लॅपटॉपवर लिहायला घेतली होती. शेवटची दोन प्रकरणं राहिली आणि आजोबा गेले. ती आपण पुरी करायची, असं आजींनी ठरवलं होतं. आजी बहात्तर वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. टायपिंग त्यांना आजोबांनीच शिकवलं होतं.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा विनामूल्य आधार थांबवला. नवं विंडोज ११ या जुन्या यंत्रावर चढेना. दुरुस्तीच्या दुकानात उत्तर मिळालं, "माताजी, ये तो अब कबाड है।" पुण्याहून मुलाने फोनवर सांगितलं, "आई, टाकून दे, नवा घेऊ." आजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप पुसला आणि परत टेबलावर ठेवला.

भिलाईला इंजिनियरिंग शिकणारा नातू सुट्टीत आला, तेव्हा त्याला हे कळलं. "आजी, भंगारात देऊ नकोस. मी यावर लिनक्स घालतो. एक पैसा खर्च नाही."

लिनक्स म्हणजे काय? १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहायला घेतला. पुढे जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. यात यंत्र चालवणारा भाग वेगळा आणि डोळ्यांना दिसणारा दर्शनी भाग वेगळा. हा दर्शनी भाग आपल्या मर्जीने निवडता येतो. जुन्या, थकलेल्या यंत्रांना झेपेल असा एक हलका दर्शनी भाग म्हणजे एक्सएफसीई. १९९६ साली ऑलिव्हिए फूर्दां यांनी तो सुरू केला. त्याचं चिन्हही चपळ उंदराचं! भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं. इथे भिंतीच हलवायची मुभा.

नातू शहाणा होता. त्याने आधी आजोबांच्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. मग लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिली. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं नीट चालतंय याची खात्री झाल्यावरच ती लॅपटॉपवर चढवली. यंत्र पूर्वीच्या मानाने फारच लवकर उघडू लागलं.

इथपर्यंत सगळं उत्तम. पण तरुण हात ते, स्वस्थ कसे बसणार? रात्री दोनपर्यंत नातवाची सजावट चालली होती. काळीभोर थीम घातली. वरची पट्टी पारदर्शक केली. खाली प्लँक नावाचा डॉक बसवला, म्हणजे नेहमी लागणाऱ्या चित्रांची ओळ. माऊस जवळ नेला की चित्रं फुगणार, दूर नेला की ओळ लपणार. कोपऱ्यात कॉन्की नावाचा फलक आला, त्यावर घड्याळ, तापमान आणि मेमरीचे आकडे. मागे बर्फाच्छादित डोंगर.

"बघ आजी! अगदी महागड्या मॅकसारखा!"

आजी खुर्चीवर बसल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना काळ्यावरची करडी अक्षरं दिसेनात. हात किंचित थरथरतो, त्यामुळे चित्रावर बाण न्यावा तर ते फुगायचं आणि शेजारचंच उघडायचं. ओळ लपली की, "अरे, गेलं कुठे सगळं?" शेवटी नातवानेच आजोबांची फाइल उघडून दिली. आणि आजींचा चेहरा उतरला.

पानावर मराठीचं एक अक्षर नव्हतं! इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची नुसती खिचडी.

"यांचं सगळं लिखाण गेलं का रे?" एवढंच त्या म्हणाल्या.

नातवाच्या पोटात गोळा आला. रात्रभर त्याने चित्रं फुगवली होती, पण ज्या फायलीसाठी लॅपटॉप वाचवायचा, ती एकदाही उघडून पाहिली नव्हती! लिखाण मात्र गेलेलं नव्हतं. आजोबांनी ते कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलं होतं. युनिकोडपूर्वीच्या अशा फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. तो फाँट यंत्रात नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. नातवाने डिस्कवरच्या जुन्या सामानातून कृतिदेवची फाइल शोधली, घरच्या फोल्डरमधल्या '.फाँट्स' या कप्प्यात टाकली आणि लिब्रे ऑफिस बंद करून पुन्हा उघडलं. पान जसंच्या तसं उभं राहिलं. पहिल्या ओळीत पणजोबांचं नाव होतं.

आजींनी चष्मा काढून पुसला. "छान केलंस," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. लॅपटॉपकडे मात्र त्या फिरकल्या नाहीत. पुढच्या रविवारी नातू आला, तर त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला!

"आजी, वापरत का नाहीस?"

"अरे, परक्याच्या घरी गेल्यासारखं वाटतं. पाणी कुठे ठेवलंय तेसुद्धा विचारावं लागतं."

आजी तेव्हा वरणाला फोडणी देत होत्या. बोलताना त्यांची नजर नातवाकडे होती आणि हात मिसळणाच्या डब्यात. मोहरी, जिरं, हिंग, हळद... हात बिनचूक त्या त्या वाटीत जात होता. वाट्यांची जागा कित्येक वर्षांत बदलली नव्हती. नातू बघतच राहिला. आजींचा डॉक तर त्यांच्या हाताखालीच होता!

त्या दुपारी त्याने आजींना शेजारी बसवून घेतलं आणि एकेक गोष्ट विचारून बदलली. काळी थीम जाऊन फिकट आली. सेटिंग्जमधल्या 'अपीअरन्स' या भागात अक्षरं मोठी केली. माऊसचा बाणही मोठा केला. खिडकी बंद करायची फुली इवलीशी होती, म्हणून विंडो मॅनेजरमध्ये मोठ्या बटणांची चौकट निवडली. फाइल दोनदा टिचकी मारून उघडण्याऐवजी एकाच टिचकीत उघडेल असं केलं, कारण थरथरत्या हाताला दुसरी टिचकी जमत नाही. डॉकचं लपणं बंद, फुगणं बंद. चित्रं मोठी आणि मोजून सात. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्याही सातच! कॉन्कीचा फलक काढला. आजींना त्या आकड्यांचा उपयोग नव्हता, आणि सजावटीची प्रत्येक वस्तू जुन्या यंत्राची थोडी मेमरी खातेच.

मग आल्या पाट्या. डेस्कटॉपवरच्या चित्राला आपल्या मर्जीचं नाव देता येतं. आजींनी नावं सांगितली: 'यांची वही', 'पुण्याशी बोलणे', 'वीजबिल', 'फोटो'. डोंगराच्या जागी अंगणातलं तुळशीवृंदावन आलं. तो फोटो आजोबांनीच काढलेला.

यंत्राने आपल्या भाषेत बोलावं ही हौस या भागाला नवी नाही. रायपूरहून नागपूरच्या वाटेवर राजनांदगाव लागतं. तिथले रविशंकर श्रीवास्तव, लिहिताना रवी रतलामी, हे वीज मंडळात अभियंते होते. त्यांनी लिनक्सचे दर्शनी भाग हिंदीत आणण्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं. एवढ्यावर न थांबता त्यांनी केडीई हा डेस्कटॉप छत्तीसगढीतही आणला. त्या कामाला २००९ साली मंथन पुरस्कार मिळाला. घराघरांत बोलली जाणारी भाषा, पण संगणकाच्या मेनूत तिला तोवर जागा नव्हती. सजावट म्हणजे नुसते रंग आणि चित्रं नव्हेत, हे त्या कामाने दाखवलं. समोर बसणाऱ्याला परकं वाटू नये, हीच खरी सजावट.

कुणाच्या घरी असा जुना लॅपटॉप असेल आणि हौशी मुलगा किंवा नातही असेल, तर हा क्रम लक्षात ठेवावा. आधी फायलींची प्रत काढावी. मग पेनड्राइव्हवरून चालवून बघावं. त्यानंतर सर्वांत मोलाची फाइल उघडून पाहावी. रंगरंगोटी त्याच्याही नंतर, एका वेळी एकच बदल आणि ज्याला वापरायचं आहे त्याला शेजारी बसवून.

महिन्याभराने नातू पुन्हा आला. क्रोशाचा रुमाल घडी करून कपाटात गेला होता. 'यांची वही'मध्ये राहिलेल्या दोन प्रकरणांपैकी पहिलं अर्ध्यावर आलं होतं. पण डॉककडे बघून तो चमकला. चित्रं सहाच!

"आजी, एक कुठे गेलं?"

"ते गणकयंत्र ना? मीच ओढून बाहेर काढलं," आजी टाइप करता करता म्हणाल्या, "बेरजा मला तोंडी येतात."